फर्मीन साल्सेदोचे नऊ दिवस

फर्मीन साल्सेदो हे नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि ऐकायचं काही कारणही नाही. पेरू देशातल्या कायाओ बंदरात गोदी कामगारांचा एस्त्रेया नावाचा एक क्लब होता. त्या क्लबकडून तो पाच वर्षं सेंटर फॉरवर्ड खेळला. चाळीसेक गोल केले. देशाच्या संघात एकदा निवड झाली आणि नेमकी तेव्हाच त्याला कावीळ झाली. ना वर्ल्ड कप, ना पुतळा, ना रस्त्याला नाव. जगातले बहुतेक फुटबॉलपटू असेच असतात. आपण दोन-चार मोठी नावं घोकतो आणि स्वतःला जाणकार म्हणवून घेतो.

पद्मिनीला तर तेवढीही नावं येत नव्हती. ती मूळची नागपूरची, धरमपेठेतली. नवरा विनय फ्रीमाँटला चिपच्या कंपनीत, मुलगा अक्षत सिएटलला. आईने मराठीत चार ओळींचा मेसेज पाठवला की अक्षत त्याला एक अंगठा पाठवायचा, तेवढाच संवाद. त्यांच्या टाउनहाउसच्या मागच्या कुंपणापलीकडे एक जुनं बैठं घर होतं, इथे जर्दाळूच्या बागा होत्या त्या काळातलं. त्या घराच्या अंगणातल्या लिंबाच्या फांद्या कुंपण ओलांडून अलीकडे यायच्या आणि लिंबं पद्मिनीच्या दारात पडायची. दुसऱ्याचं झाड, विचारल्याशिवाय कसं घ्यायचं, म्हणून ती एक दिवस विचारायला गेली. दार उघडलं ते सत्याऐंशी वर्षांच्या, उंच, किंचित फेंगड्या पायांच्या फर्मीन साल्सेदोने.

लिंबं मिळाली. पद्मिनीने त्यांचं लोणचं घालून डबा नेऊन दिला. डबा घासूनपुसून रिकामा परत आला, तेव्हा तिने गंभीरपणे सांगितलं, की आमच्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यानंतर डब्यातून लिंबं येऊ लागली आणि त्या लोणच्याला काही अंत राहिला नाही. पहिल्या दिवशी तिने त्यांना आपल्या रीतीप्रमाणे 'काका' म्हटलं, तर म्हातारा हसून हसून बेजार झाला. त्यांच्या भाषेत तान्ही बाळं लंगोटात जे करतात त्याला तो शब्द होता. मग पद्मिनीने त्यांना 'आजोबा' करून टाकलं. ते तिला 'सेन्योरा', म्हणजे बाई, म्हणायचे.

पुढची चार वर्षं दुपारचा चहा आजोबांच्या ओट्यावर व्हायला लागला. त्यांची मुलगी तेरेसा डेन्व्हरला, बायको जाऊन पंधरा वर्षं झालेली. पद्मिनीलाही घरी बोलायला कोण होतं म्हणा! विनय लॅपटॉपमधून मान वर काढायचा तो जेवायला. आजोबा बोलायचे आणि ती ऐकायची. पावसात भिजून जड झालेला चामड्याचा चेंडू डोक्याने मारला की त्याच्या शिवणीची खूण दोन दिवस कपाळावर राहायची. कायाओनंतर मेक्सिकोत दहा मोसम. मग सदुसष्ट साली कॅलिफोर्नियात एक नवीन लीग निघाली म्हणून तेहतिसाव्या वर्षी इकडे. बेसबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा ओढून खेळायचं आणि प्रेक्षक शे-दीडशे. दीड वर्षात लीग बुडाली. पुढे चौदा वर्षं मोटारींच्या कारखान्यात दारं बसवली, आणि कारखाना बंद पडल्यावर शाळेच्या मैदानाचं गवत कापलं. शाळेतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं, की हा गवत कापणारा माणूस एके काळी पंधरा हजार लोकांसमोर खेळला आहे. आजोबांनी सांगितलंही नाही, कारण सांगायला लागलं की गोष्ट एका मॅचपाशी येऊन अडायची.

ती मॅच त्यांनी पद्मिनीला चौथ्या वर्षी सांगितली. तीसुद्धा तिने आधी स्वतःचं काहीतरी सांगितलं म्हणून.

पद्मिनीचे वडील गेले तेव्हा भावाने फोन केला होता, "बाबा सिरियस आहेत, ताई, तू निघच." आपल्याकडे मरणाची बातमी सरळ येतच नाही. आधी 'सिरियस' येतं. माणूस गेलेला असतो, बर्फावर ठेवलेला असतो, आणि परदेशातली लेक सव्वीस तास विमानांत बसून देवाला नवस बोलत असते. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी वळली, घराबाहेर चपलांचा ढीग दिसला, तेव्हा पद्मिनीला कळलं. "प्रवासात एकटी कशी सहन केली असतीस, म्हणून नाही सांगितलं," असं भाऊ म्हणाला. दोन वर्षं ती त्याच्याशी धड बोलली नाही. "माझे सव्वीस तास त्याने खोटे केले," असं तिने आजोबांना सांगितलं. "मी असं कुणाशी कधी करणार नाही."

आजोबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि बासिलियोचं नाव काढलं.

बासिलियो लेफ्ट विंगर, डाव्या कडेने खेळणारा. एकाच चाळवजा इमारतीत दोघं वाढलेले. छप्पन साली डिसेंबरात मोसमाची शेवटची मॅच होती, जिंकली तर एस्त्रेया पहिल्यांदा चॅम्पियन. विसाव्या मिनिटाला बासिलियोचा गुडघा मुरगळला. त्या काळी बदली खेळाडू हा प्रकारच नव्हता. एक बाहेर गेला की उरलेले दहा. म्हणून जखमी माणसाला कडेला नुसतं उभं करून ठेवायचे, म्हणजे समोरच्यांचा एक जण तरी त्याच्यावर लक्ष ठेवण्यात अडकून पडायचा. मध्यंतरात क्लबच्या डॉक्टरने गुडघा बधिर करायची सुई भरली. बासिलियो म्हणाला, "नाही. मला नको." मॅनेजर म्हणाला, कॅप्टनने ठरवावं. आणि कॅप्टन होता बावीस वर्षांचा फर्मीन साल्सेदो.

"मी म्हटलं, पंचेचाळीस मिनिटं, बासिलियो. नुसता उभा राहा," आजोबा म्हणाले.

पण बधिर गुडघ्याचा माणूस उभा राहत नाही. दुखत नाही म्हटल्यावर तो पळतो. ऐंशीव्या मिनिटाला चेंडू त्याच्याकडे आला, तो पळाला, कडेवरून गोलसमोर सुंदर क्रॉस दिला आणि फर्मीनने डोक्याने गोल मारला. सगळं मैदान फर्मीनच्या अंगावर आलं. बासिलियो कॉर्नरच्या झेंड्यापाशी पडला होता, तो पुन्हा कधीच खेळला नाही. एकवीस वर्षांचं वय. पुढे त्याने गोदीच्या फाटकावर जन्मभर पहारेकऱ्याची नोकरी केली. फर्मीनला मात्र त्याच एका गोलावर मेक्सिकोचं बोलावणं आलं. तो दवाखान्यात भेटायला जाणार होता. उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणता म्हणता बोट सुटली.

"आणि पेपरवाल्यांना मी काय सांगितलं ठाऊक आहे? की बासिलियो स्वतःहून उतरला. केवढा शूर! लोकांनी त्याचं कौतुक केलं. त्याला ते ऐकून घ्यावं लागलं." "सेन्योरा, मला माफी नको. मला त्याला एवढंच सांगायचंय, की तू 'नाही' म्हणालास ते मी ऐकलं होतं."

अडुसष्ट वर्षं एक वाक्य पोटात ठेवून माणूस कसा जगत असेल, ते देव जाणे. पद्मिनी मात्र अशा वेळी स्वस्थ बसणारी बाई नव्हे. तिने पदर खोचला (लेगिंग्जवर पदर नसतो, पण खोचला) आणि फेसबुकवर कायाओच्या जुन्या फुटबॉलवेड्यांचा ग्रुप शोधून काढला. भाषांतराच्या ॲपवर मेसेज तयार करून टाकला. सहा आठवडे काही नाही. मग मिलाग्रोस नावाच्या मुलीचं उत्तर आलं: बासिलियो माझे आजोबा. नव्वद वर्षांचे आहेत. ऐकू कमी येतं, पण डोकं शाबूत आहे. बोलायला तयार आहेत. रविवारी, चर्चमधून आल्यावर.

नऊ मार्चच्या त्या रविवारी आजोबा दाढी करून, टाय लावून पद्मिनीच्या आयपॅडपुढे बसले. घंटी वाजू लागली. स्क्रीनवर मिलाग्रोसचं नाव आलं आणि आजोबांनी आयपॅड पालथा घातला.

"पुढच्या रविवारी," ते म्हणाले. "आज माझा घसा बरोबर नाही."

पद्मिनीने आग्रह केला नाही. नव्वदीच्या माणसाने रविवार पुढे ढकलू नये, हे तिला कळत होतं. पण कुणाला किती रेटायचं? शुक्रवारी आजोबा बाथरूममध्ये पडले. खुबा मोडला. शनिवारी ऑपरेशन झालं. तेरेसा विमानाने आली. सोमवारी, सतरा मार्चला, पद्मिनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये कॉफी घेऊन उभी होती, तेव्हा मिलाग्रोसचा मेसेज आला. ॲपने भाषांतर करून दाखवलं: आजोबा आज पहाटे झोपेत गेले. तुमच्या मित्राला कळवा.

तिने विनयला फोन लावला. विनय मीटिंगमधून बाहेर आला, म्हणजे बघा.

"आत्ता नको सांगूस यार," तो म्हणाला. "नाइन्टी वन आहेत ते, सर्जरी होऊन दोन दिवस झालेत. बीपी शूट होईल. जरा स्टेबल होऊ दे, मग सांग."

तेरेसाला विचारायची सोय नव्हती. तिला बासिलियो हे नावही माहीत नव्हतं. आजोबांनी ती गोष्ट जगात एकट्या पद्मिनीला सांगितली होती. ती खोलीत गेली. आजोबांनी डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? "काल रविवार होता. बासिलियोचा फोन आला होता?"

आणि पद्मिनी म्हणाली, "त्यांना खोकला झालाय. पुढच्या रविवारी करू म्हणाली मिलाग्रोस."

किती सहज निघालं तोंडातून! ज्या खोट्यासाठी सख्ख्या भावाला दोन वर्षं वाळीत टाकलं, तेच खोटं, त्याच मायेने आणि त्याच हिशेबाने. इतरांचं ते खोटं असतं, आपलं ते काळजीपोटी असतं. तुम्हाला पद्मिनीचा राग यावा म्हणून मी हे म्हणत नाही. तिच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, आणि म्हणूनच लिहिताना माझा हात जड होतो आहे.

आजोबांना पुनर्वसन केंद्रात हलवलं. तेरेसा नोकरीसाठी परत गेली. पद्मिनी रोज दुपारी थर्मासमध्ये चहा घेऊन जायची. रविवार आला की नवं कारण. एकदा तिकडचं नेटवर्क गेलं. एकदा मिलाग्रोस गावाला गेली. एकदा बासिलियोची झोप झाली नाही. प्रत्येक वेळी तिने ठरवलेलं असायचं की आज सांगायचं. आणि प्रत्येक वेळी आजोबा जरा बरे दिसत, मग त्यांना कशाला पाडायचं, किंवा जरा वाईट दिसत, मग तर बोलायलाच नको. खोटं एकदा घरात घेतलं की त्याला बसायला पाट द्यावाच लागतो.

चौथ्या रविवारी आजोबांनी तिचं कारण पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"पुरे, सेन्योरा. मला कळलं," ते शांतपणे म्हणाले. "त्याला माझ्याशी बोलायचं नाही. बरोबर आहे त्याचं. मी त्या दिवशी फोन उचलला नाही ना, तो म्हणाला असेल, हा अजून तसाच भित्रा आहे."

"तसं नाही हो आजोबा..."

"तू चांगली आहेस. तू त्याच्यावर पांघरूण घालतेयस."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी व्यायाम सोडला. फिजिओथेरपिस्ट वॉकर घेऊन यायची आणि आजोबा भिंतीकडे तोंड करायचे. जेवण तसंच परत जायचं. असा आठवडा गेला. "पडून राहिले तर न्यूमोनिया होणार," असं तिने पद्मिनीला बाजूला घेऊन सांगितलं. "त्यांनी उभं राहायलाच हवं. काही झालंय का? कुणी काही बोललंय का?"

बोललं होतं की! ज्या माणसाला धक्का बसू नये म्हणून एवढा खटाटोप केला, त्याच्या छातीवर पद्मिनीने त्याहून मोठा धोंडा ठेवला होता. मित्र मेला हे दुःख त्यांनी सोसलं असतं. मित्राने नाकारलं हे दुःख त्यांना सोसवत नव्हतं, आणि ते तर खरंही नव्हतं. ते तिने घडवलेलं होतं.

मंगळवारी ती चहा न घेताच गेली. खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि एका दमात सांगून टाकलं, "आजोबा, बासिलियो तुम्हाला टाळत नव्हते. ते तयार होते. ते वारले. मी तुमच्यापासून लपवलं."

आजोबांनी मान वळवली. त्यांनी रडावं, ओरडावं, काहीतरी करावं असं तिला वाटत होतं. त्यांनी एकच शब्द विचारला. "कधी?"

"सतरा मार्चला."

ते ओठ हलवत दिवस मोजू लागले. पाच आठवडे झाले होते.

"आमच्याकडे माणूस गेला की नऊ दिवस प्रार्थना करतात," ते अखेर म्हणाले. "शेजारीपाजारी येतात, रोज संध्याकाळी. माझी आई सांगायची, ते नऊ दिवस गेलेला माणूस घरातच असतो. ऐकत असतो. नवव्या दिवशी त्याला निरोप देतात. मग तो जातो." मध्ये त्यांना दम लागला. "मी इथून बोललो असतो. या पलंगावरून. त्याने ऐकलं असतं."

पद्मिनीला हे समजावून सांगायची गरज नव्हती. दहाव्याला नदीकाठी हात जोडून उभं राहणारी, कावळा शिवेना म्हणून गेलेल्या माणसाला शब्द देणारी माणसं तिची होती. गेलेल्याशी बोलायचे मोजके दिवस असतात, हे तिच्या रक्तात होतं. आजोबांचे ते दिवस तिने थर्मास भरभरून चहा पाजत घालवले होते.

"मला वाटलं, तुम्हाला सहन होणार नाही," ती म्हणाली.

"मलाही तेच वाटलं होतं, त्याचा गुडघा सहन करेल," आजोबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "तू जा आता. उद्या येऊ नकोस."

"आजोबा, मला माफ..."

"जा, सेन्योरा."

ती गेली. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी रिसेप्शनवर निरोप होता: पाहुणे नकोत. मग ती रोज दुपारी पार्किंगमध्ये गाडी लावून अर्धा तास बसायची आणि घरी यायची. म्हाताऱ्या माणसाचा राग किती दिवस टिकणार, पुढच्या आठवड्यात निवळेल, असं ती स्वतःला समजावत होती. आत आजोबा पुन्हा वॉकर धरून उभे राहू लागले होते, चार पावलं टाकत होते, हे तिला नंतर कळलं. पण छातीत कफ साठायचा तो साठला होता.

अकराव्या दिवशी सकाळी ती इंडियन स्टोअरमध्ये मेथी निवडत असताना तेरेसाचा फोन आला. "पद्मिनी, बाबा आज सकाळी सहा चाळीसला वारले," तेरेसा म्हणाली. सिरियस नाही, ये लवकर नाही, काही नाही. एका वाक्यात सांगितलं. पद्मिनीने मेथीची जुडी परत ठेवली आणि तिथेच, लोकांच्या ट्रॉल्यांच्या मधोमध, मोठ्याने रडू लागली.

अंत्यविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण होतं. वीसेक माणसं आली होती: कारखान्यातले दोन म्हातारे, शाळेतले काही जण, विनय अर्ध्या दिवसाची रजा टाकून. भिंतीवर एस्त्रेयाचा एक फोटो मोठा करून लावला होता. कडेला कप धरलेला तरुण फर्मीन हसत होता. तेरेसा सगळ्यांदेखत पद्मिनीच्या गळ्यात पडली. हिने बाबांना सांभाळलं, मी नव्हते, ही होती, असं सगळ्यांना सांगत सुटली. लोक येऊन पद्मिनीचा हात दाबत होते. तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काय आणि कुणाला? ज्यांना सांगून काही उपयोग होता अशी दोनच माणसं होती, आणि दोघंही गेली होती.

"तुला ठाऊक आहे, बाबा तुझ्याबद्दल काय म्हणायचे?" तेरेसा डोळे पुसत म्हणाली. "मला फोनवर म्हणाले होते, सगळे माझ्याशी लहान मुलासारखं बोलतात, डॉक्टर, नर्स, तूसुद्धा. शेजारची सेन्योरा एकटीच खरं सांगते."

पद्मिनीने हातातली प्लेट टेबलावर ठेवली. तिने तेरेसाचा दंड घट्ट धरला.

"कधी?" तिने विचारलं. "कधी म्हणाले हे? पडायच्या आधी की आत्ता, शेवटी शेवटी?"

तेरेसा गोंधळली. तिने आठवायचा प्रयत्न केला, मनापासून केला.

"नाही गं लक्षात," ती म्हणाली. "रोजच बोलायचो आम्ही. का? त्याने काय फरक पडतो?"